जलरंगाची ट्यूब घेताना नावाआधी नंबर वाचा

चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. छत्तीसची तर अजिबातच नको. चांगले जलरंग घ्यायचं मनात आलंय ना, मग सहा-सात ट्यूब सुट्या घ्या, पण आर्टिस्ट दर्जाच्या घ्या, आणि प्रत्येक ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मला कुणी विचारलं की आधी एवढंच सांगतो. समोरच्याला वेळ असला तर मग पुढचं सगळं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुताच्या डाईंगमध्ये आहे. टॉवेलचं, चादरीचं सूत रंगवायचं, शेड जुळवायची, लॅब डिप, म्हणजे रंगवलेले छोटे नमुने, काढून पार्टीला पाठवायचे, पास झाली की लॉट लावायचा. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो एकच: रंग जातो का? धुण्यात जातो का, उन्हात जातो का. रंग गेला की माल परत येतो, आणि बोलणी बसतात ती वेगळीच. चित्राचं तसं नाही. भिंतीवर लावलेलं चित्र आठ-दहा वर्षांत फिकं पडलं तर तक्रार घेऊन कुणी दारात येत नाही. लोकांना वाटतं, जुनं झालं, उतरायचंच. पण ते उतरायचंच असं काही नसतं. रंग नीट निवडला असता तर ते चित्र नातवंडांनीही तसंच्या तसं पाहिलं असतं. म्हणून मला या विषयाची एवढी तळमळ आहे.

आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याची मुलगी इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवून आता जलरंग मनावर घेऊन करतेय. मोबाईल घेऊनच घरी आली.

"काका, ऑनलाइन छत्तीसचा सेट स्वस्त पडतोय. घेऊ की?"

"त्यावर नंबर काय लिहिलेत ते दाखव आधी."

"नंबर कुठले? नावंच आहेत नुसती. लेमन यलो, क्रिमसन, स्काय ब्लू…"

"मग नको."

ती हिरमुसली, पण बसली. चहा झाला, माझा रंगाचा डबा निघाला, आणि तिला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितोय.

जलरंगाच्या ट्यूबमध्ये मुळात तीन-चारच गोष्टी असतात. रंगद्रव्याची अगदी बारीक दळलेली पूड, म्हणजे पिगमेंट. ती कागदाला धरून ठेवणारा डिंक, हा बाभळीच्या जातीच्याच झाडाचा असतो, आफ्रिकेतून येतो. रंग मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन किंवा मध. आणि टिकण्यासाठी थोडं औषध. आर्टिस्ट दर्जात पिगमेंटचं प्रमाण भरपूर असतं. स्टुडंट दर्जात ते कमी करून पांढरी भरताड पूड घालतात, आणि महागडं पिगमेंट असेल तर त्याच्याजागी स्वस्त पिगमेंटचं मिश्रण करून नावापुढे 'ह्यू' लावतात. ब्रशच्या टोकावर आर्टिस्टचा एवढासा रंग घेतला तरी वाटीभर पाणी रंगतं. स्टुडंटचा रंग ओतत राहावं लागतं आणि दोन-तीन रंग एकत्र केले की चिखल व्हायला लागतो. तो चिखल हाताच्या दोषाने होतो असं समजून कित्येक मुलं जलरंग सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नंबराचं. चांगल्या कंपनीच्या ट्यूबवर पिगमेंटचा आंतरराष्ट्रीय नंबर छापलेला असतो. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन निळा. पीवाय 42 किंवा 43 म्हणजे यलो ऑकर. पीव्ही 19 म्हणजे क्विनॅक्रिडोन, गुलाबी ते जांभळट. पीबीआर 7 म्हणजे मातीचे तपकिरी. पीआर 101 म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा लाल-तपकिरी, आणि आज बऱ्याच कंपन्यांच्या बर्न्ट सिएनात तोच असतो. रंगाचं नाव कंपनीच्या मर्जीचं असतं, नंबर मात्र सगळीकडे एकच. क्विनॅक्रिडोन गोल्डचंच घ्या. पूर्वी तो पीओ 49 या एकाच पिगमेंटचा होता, सोन्यासारखा झळकणारा. मोटारींच्या रंगात त्याची मागणी संपली तसं ते पिगमेंट बनणंच बंद झालं, कारण चित्रकारांना लागतं ते केवढंसं! आज त्या नावाच्या ट्यूब मिळतात, पण आत दोन-तीन पिगमेंटचं मिश्रण असतं. वाईट नसतं, पण तो माल वेगळा. इंडिगो तसाच. आजच्या बहुतेक इंडिगोच्या ट्यूबमध्ये निळीच्या झाडाचा थेंब नसतो. थॅलो किंवा दुसरा एखादा निळा असतो आणि काळा असतो, कधी जोडीला जांभळा. हे मिश्रण तुमच्याच ताटलीत होत असेल तर त्याला वेगळे पैसे कशाला द्यायचे?

म्हणून शक्यतो एकच नंबर असलेली ट्यूब घ्यावी. दोन एकेरी रंग मिसळले की मिश्रणात दोनच पिगमेंट. तीन-तीन पिगमेंटचे दोन रंग मिसळले की सहा, आणि मग शेड मेलीच म्हणून समजा. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो: शेड जुळत नाही म्हणून चौथा रंग टाकायचा नाही, आधीच्या तिघांचं प्रमाण बघायचं.

नंबराशेजारी आणखी एक खूण असते, उन्हातल्या पक्केपणाची. अमेरिकन एएसटीएम पद्धतीत रोमन एक आणि दोन म्हणजे पक्के, तीन आणि त्याखालचे कच्चे. काही कंपन्या चांदण्या छापतात, काही अधिकची चिन्हं. आमच्या कापडवाल्यांकडे ब्लू वूल म्हणून एक ते आठ अशी पट्टी असते, लोकरीच्या आठ निळ्या फिती, एक सगळ्यात आधी उडणारी आणि आठ सगळ्यात शेवटी. चित्रकलेच्या रंगांची परीक्षाही तीच पट्टी लावून घेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कारखान्यातलं माझं टेबल आणि घरातलं चित्राचं टेबल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं.

पण छापलेल्यावर विसंबायची तरी गरज काय? आपल्याकडे सोलापूरचं ऊन आहे! कॉटन पेपरची पट्टी घ्या. प्रत्येक रंगाचा एक पट्टा ओढा, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला पाणी वाढवत अगदी फिका. फिका भाग महत्त्वाचा, कारण रंग उडतो तो आधी पातळ थरातून. प्रत्येक पट्ट्याशेजारी पेन्सिलीने नाव आणि नंबर लिहा. मग पट्टी उभी कापून दोन भाग करा. एक भाग वहीत घालून कपाटात ठेवा, दुसरा थेट ऊन येणाऱ्या खिडकीला आतून चिकटवा. होळीच्या सुमारास लावली की मृगाचा पाऊस येईपर्यंत उन्हाने आपलं काम केलेलं असतं. दोन्ही भाग शेजारी ठेवून बघा. माझ्या खिडकीत अलिझरिन क्रिमसनचा, म्हणजे पीआर 83 चा, फिका भाग जवळजवळ धुऊन गेला होता आणि मधला पट्टा विटला होता. ऑपेरा नावाचा जो भडक, चमकणारा गुलाबी मिळतो, त्याची चमक गेली आणि साधा गुलाबी मागे राहिला. त्यात क्विनॅक्रिडोनबरोबर एक चमकणारा डाय असतो, तो आधी मरतो. अल्ट्रामरीन, ऑकर, बर्न्ट सिएना आणि थॅलो निळा यांचे मात्र दोन्ही तुकडे जोडले तर कापल्याची रेघ सोडून काही दिसेना.

अलिझरिन तसा मानाचा रंग. मंजिष्ठाच्या मुळातून निघणारा हा लाल जर्मनीत 1868 साली प्रयोगशाळेत तयार झाला आणि मंजिष्ठाची शेतीच बसली. सुतावर त्याने इतिहास घडवला. कागदावर मात्र त्याला आज जागा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच छटेचा 'पर्मनंट' नावाचा रंग मिळतो, तो नंबर बघून घ्यावा, किंवा पीव्ही 19 वर भागवावं.

उलट बाजूने एक आनंदाची गोष्ट. 1901 साली बीएएसएफ कंपनीत रेने बोन या रसायनशास्त्रज्ञाने इंडान्थ्रोन हा निळा शोधला. तो व्हॅट डाय. कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं टाकून तो पाण्यात विरघळवायचा, सुतात मुरवायचा आणि हवा लागली की तो धाग्याच्या आत पुन्हा न विरघळणारा होऊन बसतो. मग साबणही त्याचं काही करू शकत नाही आणि ऊनही. तोच निळा दळून पीबी 60 या नंबराने जलरंगाच्या ट्यूबमध्ये येतो. खोल, किंचित तांबूस झाक असलेला, रात्र पडायच्या आधीच्या आभाळाचा निळा. व्हॅटच्या लडी वर काढताना जो रंग आयुष्यभर पाहिला तो कागदावर उतरताना बघून मला खरोखर भरून आलं होतं.

कोणते रंग घ्यायचे हे दुसऱ्याच्या यादीवरून ठरवू नका, आपल्या गावाकडे बघून ठरवा. युरोपातल्या चित्रकाराला चार-चार हिरवे लागत असतील. आपलं सोलापूर मातीच्या रंगांचं आहे. नान्नजचं माळरान पाऊस सरला की महिन्या-दोन महिन्यांत पिवळं पडतं. मंगळवेढ्याकडची ज्वारी काढणीला आली की शेत ऑकरच्या पातळ हाताशिवाय दुसरं काही मागत नाही. किल्ला काळ्या दगडाचा, जुन्या गिरणीच्या आठवणी भाजक्या विटांच्या. हे रंग आर्टिस्ट दर्जातही सगळ्यात स्वस्त असतात! कंपन्या किमतीप्रमाणे सिरीज पाडतात, त्यात माती-लोखंडाचे रंग पहिल्या पायरीवर, आणि कोबाल्ट, कॅडमियम वरच्या. आणि टिकायला म्हणाल तर गुहेतल्या माणसाने वापरलेले तेच. स्वस्त आणि पक्कं एकाच ठिकाणी मिळायचा योग बाजारात फार कमी येतो.

त्या मुलीला मी सातच लिहून दिले. पिवळ्यात पीवाय 154 आणि यलो ऑकर. लालात पायरोल रेड, पीआर 254, आणि गुलाबी पीव्ही 19. निळ्यात अल्ट्रामरीन आणि थॅलो, पीबी 15:3. आणि बर्न्ट सिएना. हिरवा नाही, काळा नाही, पांढरा नाही. कडुनिंबाचा हिरवा थॅलो आणि पिवळ्यात होतो. तो फार कोवळा दिसला तर टोकावर घेऊन एवढा बर्न्ट सिएना, की तोच चैत्रातली पालवी जून झाल्यावरचा निंब.

किल्ल्याच्या भिंतीचा करडा कसा करायचा ते सांगतो, कारण आर्टिस्ट रंगाचे पैसे कशाला मोजायचे ते इथं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात एकत्र करा, पण फार घोटू नका. खरखरीत कागदावर एका दमात भिंत भरून घ्या आणि कागद जरा तिरपा धरून थांबा. अल्ट्रामरीनचा कण जाड असतो, तो कागदाच्या खड्ड्यांत जाऊन बसतो. सिएना वर पसरून राहतो. वाळता वाळता करड्याच्या आत कुठे निळं, कुठे तांबूस असं फुटत जातं, आणि काही न काढता दगडाचा पोत येतो. तळ्याच्या बाजूच्या बुरुजावर सकाळचं ऊन आलं असेल तर तिथं सिएना थोडा जास्त ठेवायचा. तयार काळ्यात पाणी घालून केलेला करडा याच्यापुढे मेलेला दिसतो.

पांढरा का नको म्हणालो? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा बाराबंदी घातलेल्या माणसांचा लोटच्या लोट रस्त्यावर असतो. ते सगळं पांढरं म्हणजे कोरा कागद. रंगवायची ती फक्त घड्यांमधली सावली, आणि ती अल्ट्रामरीनच्या अगदी पातळ पाण्याने, सिएनाचा नुसता वास लावून. हा निळा पांढऱ्याला शोभतो याचं नवल नाही. आज्या-पणज्या धोतराला जी निळीची पूड लावायच्या, ती अल्ट्रामरीनचीच असायची. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत आणि सोन्याच्या भावाने विकत. 1820 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गिमे याने तो भट्टीत बनवला, तेव्हा कुठे तो धोब्याच्या हाती आला. फक्त आम्लाशी त्याचं जमत नाही. लिंबू पिळलेल्या हाताने चित्र हाताळू नका.

सोलापुरात जलरंग वापरायचे म्हणजे वाळण्याशी भांडण. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि आभाळाचा हात अर्ध्यात यायच्या आत वरची कड वाळून रेघ पडते. म्हणून आधी पंखा बंद. घरात कूलर असेल तर त्या खोलीत बसा, पण झोताच्या समोर नको. कूलरच्या ओल्या हवेत हात निवांत चालतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवा, खालून ओल टिकते आणि वरचं काम सावकाश करता येतं. बाहेर जाऊन रंगवायचं तर सकाळी सातच्या आत बसायचं. पाण्याकडेही लक्ष द्या. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात, कण गोळा होऊन ठिपके ठिपके दिसायला लागतात. डाईंगवाल्याला हे सांगायला नको, आमची निम्मी भांडणं पाण्याशीच असतात. पिण्याच्या फिल्टरचं पाणी भांडंभर घेतलं की झालं.

मध घातलेले रंगही मिळतात, सेनेलिए ही फ्रेंच कंपनी तसे करते. आपल्या कोरड्या हवेला ते चांगले, डब्यात तडकत नाहीत. साधा ट्यूबमधला रंग पॅनमध्ये, म्हणजे रंगाच्या डब्यातल्या छोट्या खणात, भरणार असाल तर एकदम काठोकाठ भरू नका. निम्मा भरा, टूथपिकने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, सावलीत वाळू द्या, मग वरचा थर. उन्हात ठेवला की भेगा पडून खडा सुटा होतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लिसरीनचा बारीक थेंब टाकला तर बरं पडतं. कुरिअरने उन्हाळ्यात आलेल्या ट्यूबमधून टोपण उघडताच नुसता पिवळसर डिंक येतो. घाबरून परत पाठवू नका. टोपण लावून ट्यूब हलक्या हाताने मळा, काही दिवस उलटी उभी ठेवा. टोपण अडकलं तर पकड लावू नका, ट्यूबचं कातडं पिळवटतं. गरम पाण्यात तोंड बुडवून धरा. आणि दर वेळी टोपण लावण्याआधी आटे पुसा.

पॅलेटला पैसे घालवू नका. पांढरी इनॅमलची थाळी भांड्याच्या दुकानात मिळते, तिच्यावर रंग जसा आहे तसा दिसतो आणि डाग धरत नाही. ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर ती मात्र आजच सोडा, विशेषतः कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग वापरत असाल तर. लहान मुलांच्या हाती हे रंग द्यायचेच नाहीत, त्यांना शाळेचे रंग बरे.

पैशाचं गणित शेवटी. महिन्याला एक ट्यूब या हिशोबाने घ्या, घाई नाही. 5 मिलीची आर्टिस्टची ट्यूब दिसायला लहान, पण नेहमी चित्र काढणाऱ्यालाही पुष्कळ दिवस पुरते. हात आखडताच असेल तर ऑकर आणि सिएना स्टुडंट दर्जाचे घेतले तरी चालतील, त्यांत पिगमेंट सहसा तेच असतं, नुसतं कमी असतं. लाल आणि गुलाबी मात्र स्वस्तातले कधीच नकोत, कच्चेपणा तिथंच लपलेला असतो. आणि रंगाच्या आधी कागद. शंभर टक्के कॉटन, 300 जीएसएमचा कागद नसेल तर वर सांगितलेला किल्ल्याचा करडा होणारच नाही, साध्या कागदात पाणी लगेच शोषून रंग जागच्या जागी बसतो. मोठी शीट घेऊन आठ तुकडे करा, पॅडपेक्षा स्वस्त पडतं.

तिने पहिल्या खेपेला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पीव्ही 19 एवढेच मागवले, उरलेल्या पैशांत कागदाच्या दोन शीट. परवा चित्र घेऊन आली होती. दारातली बोगनवेल, तीनच रंगांत. सावलीतला निळसर गुलाबी छान जमलाय. उन्हातल्या फुलांना अजून पिवळ्याचा आधार हवा, म्हणून पुढची ट्यूब पीवाय 154 घे म्हणून सांगितलं. पीबी 60 तिला माझ्या डब्यातला पाहून फारच आवडलाय, पण तो दिवाळीला.